अफगाण चर्चच्या भिंतीवरची नावं : यादी कशी करावी आणि शिपायांची नावं कुठे शोधावीत?

कुलाब्याची_नोंद यांचा प्रश्न :

कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या (सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट) स्मृतिलेखांची पूर्ण यादी करायची आहे. फोटो, अक्षरशः नक्कल आणि प्रत्येक नावापुढे त्याची पलटण, मृत्यूचं ठिकाण आणि तारीख. इंटरनेटवरच्या याद्या अर्ध्यामुर्ध्या आहेत आणि शुद्धलेखन प्रत्येकाचं वेगळं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) उंचावरचे आणि झिजलेले लेख वाचता येतील असे फोटो कसे काढायचे? खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवलेली चालतात का?
२) 'बॉ. एन. आय.', 'एच. एम. १७' असली संक्षिप्तं कशी लावायची?
३) भिंतीवर दिसतात ती सगळी गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं. मुंबई फौजेतले शिपाई तर मोठ्या प्रमाणात कोकणातले आणि देशावरचे. त्यांची नावं कुठे मिळतील?

---

दप्तरखाना :

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या कामाची आखणी त्यावर ठरते.

चर्चमधला मुख्य लेख नीट वाचा. त्याचा आशय असा : ज्यांची नावं चान्सेलच्या (वेदीकडच्या भागाच्या) भिंतींवर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि संख्या फार मोठी असल्यामुळे ज्यांची नावं नोंदता आली नाहीत अशा हवालदार-नाईक व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधलं; हे सगळे सिंध आणि अफगाणिस्तानच्या १८३८ ते १८४३ च्या मोहिमांत, कर्तव्याचं भान ठेवून, रोगाने किंवा तलवारीने पडले. म्हणजे शिपायांची नावं गाळली आहेत हे भिंतच कबूल करते. शिपाई गोरे की देशी, हे मात्र लेखात नाही. 'प्रायव्हेट' हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत देशी शिपायालाही लावलेला सापडतो, त्यामुळे त्यावरून निर्णय होत नाही.

त्यातही एक फट आहे. सुभेदार आणि जमादार हे 'देशी अधिकारी'. ते हवालदार-नाईकांत येत नाहीत, शिपायांतही येत नाहीत. यादी करताना एक रकाना फक्त हुद्द्याचा ठेवा आणि भिंतीवर एखादा सुभेदार-जमादार आहे का हे मुद्दाम तपासा. 'एकही नाही' हा निष्कर्षसुद्धा सगळ्या भिंती तपासल्यावरच लिहायचा.

आता कागद. मेलेला माणूस गोरा होता की देशी, आणि राणीच्या (म्हणजे ब्रिटिश सरकारी) पलटणीतला होता की कंपनीच्या, यावर कागद कुठे आहे ते ठरतं.

राणीच्या पलटणीतले गोरे सैनिक : लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, हजेरीपट डब्ल्यू-ओ १२ या मालिकेत. महिनावार हजेरी असल्याने मृत्यूचा महिना आणि बहुतेकदा ठिकाण मिळतं. मृत्यूंचे वेगळे तक्ते डब्ल्यू-ओ २५ मध्ये.

कंपनीच्या मुंबई फौजेतले गोरे अधिकारी आणि सैनिक : ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर, मालिका एल-मिल-१२. दफनाच्या नोंदी मुंबई इलाख्यापुरत्या एन-३ मध्ये. मात्र मोहिमेवर वाटेत मेलेल्याची दफननोंद अनेकदा नसतेच, कारण नोंद करायला पाद्रीच सोबत नसायचा. एन-३ मध्ये नाव नाही म्हणून माणूस मेला नाही असं धरू नका.

देशी शिपाई : गोऱ्यांच्या हजेऱ्यांच्या नकला लंडनला जात, शिपायांच्या हजेऱ्या पलटणीकडेच राहत. खरी अडचण इथे आहे. म्हणून आडवाटेने जावं लागतं.

पहिली आडवाट काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार. तिथले मुंबई सरकारच्या लष्करी खात्याचे खंड मागवा. 'कॅज्युअल्टी' म्हणून शोधलंत तर थोडंच हाती लागेल. 'पेन्शन', 'फॅमिली', 'एअर्स' (वारस) आणि 'इस्टेट्स ऑफ डिसीज्ड' या शब्दांनी सूची चाळा. मेलेल्या शिपायाचं नाव सरकारी कागदात येण्याचं मुख्य कारण पैसा : थकलेला पगार कुणाला द्यायचा, विधवेला काय मिळायचं. वारसाच्या अर्जात नातं आणि गावही येतं. दापोली हा त्या काळी कंपनीच्या म्हाताऱ्या शिपायांचा तळ होता, 'कॅम्प दापोली' हे नाव तिथलंच. त्यामुळे कोकणातल्या माणसांसाठी दापोलीच्या नावाने आलेला पत्रव्यवहार आधी बघावा.

दुसरी आडवाट 'ऑर्डर ऑफ मेरिट'. देशी सैनिकांसाठी हे पदक १८३७ मध्ये सुरू झालं, म्हणजे या मोहिमांच्या जेमतेम आधी. ते देताना जनरल ऑर्डरमध्ये माणसाचं नाव, हुद्दा, पलटण आणि प्रसंग छापावा लागे. पदकधारकाच्या विधवेला भत्ता तीन वर्षं चालू राही, त्यामुळे मागाहूनही नोंद होई.

पदकांवर मात्र विसंबू नका. १८३९ च्या गझनीच्या लढाईचं पदक बिननावाचंच वाटलं गेलं. त्यावर नाव दिसलं तर ते ज्याला मिळालं त्याने स्वखर्चाने कोरून घेतलेलं आहे, आणि तसं कोरून घेणारे बहुतेक अधिकारी.

---

पलटणवाला :

वरच्या प्रतिसादाला जोड. आधी एक गैरसमज काढून टाका, नाहीतर चुकीच्या ठिकाणी वेळ जाईल.

'अफगाण चर्च' म्हटलं की लोकांना जानेवारी १८४२ ची काबूलची माघार आठवते : सुमारे ४,५०० सैनिक, १२,००० च्या आसपास बाजारबुणगे, शेवट गंडमकला. पण काबूलची शिबंदी मुख्यतः बंगाल फौजेची होती, आणि गोरी पलटण राणीची ४४ वी. मुंबई फौज सिंधच्या बाजूने गेली. १८३८ च्या अखेरीस सिंधू नदीच्या मुखाशी उतरली, सर जॉन कीनच्या हाताखाली बोलन खिंडीतून कंदाहार, मग गझनी (२३ जुलै १८३९), परतीच्या वाटेवर विल्शरच्या तुकडीने कलात घेतलं (१३ नोव्हेंबर १८३९). पुढची माणसं मेली ती सक्कर, क्वेट्टा, बोलन, कच्छी आणि मर्री डोंगरांत. शेवटी सर चार्ल्स नेपियरची सिंधमधली मोहीम : मियानी १७ फेब्रुवारी १८४३ आणि हैदराबाद २४ मार्च १८४३. हे हैदराबाद सिंधचं, निजामाचं नव्हे. याद्यांमध्ये हा घोळ हमखास सापडतो.

मराठी वाचकाला जवळचं प्रकरण काहानचं आहे. मर्री मुलखातल्या त्या किल्ल्यात कॅप्टन लुईस ब्राऊन मुंबईच्या ५ व्या पलटणीच्या तुकडीसह १८४० च्या उन्हाळ्यात अडकला. सुरुवातीलाच लेफ्टनंट वॉलपोल क्लार्क उंटांचा तांडा परत नेताना मारला गेला. ३१ ऑगस्टला मेजर क्लिबॉर्न रसद घेऊन आला, त्याला नफुस्क खिंडीत मर्रींनी परतवलं. त्या दिवशी गोळी-तलवारीइतकीच माणसं तहानेने घेतली; पाणी आणायला पाठवलेली माणसं आणि जनावरं परत आलीच नाहीत. किल्ला शेवटी बोलणी होऊन सप्टेंबरअखेर सोडला. ही ५ वी पलटण म्हणजे पुढची १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, आजची २ मराठा, 'काली पाँचवी'. 'काहान' हा तिचा युद्धसन्मान. त्या पलटणीच्या माणसांसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लेखी विचारणा करा. पत्रात पलटणीचा जुना क्रमांक, साल आणि ठिकाण तिन्ही हवीत. नुसतं 'अफगाण युद्ध' लिहिलं तर उत्तर देणाराही अडकतो.

क्रमांकांचं कोष्टक आधीच करून ठेवा. १ ली बॉम्बे ग्रेनेडियर्स पुढे १०१, २५ वी पुढे १२५ (नेपियर्स रायफल्स), ५ वी पुढे १०५. मुंबई पायदळाच्या जुन्या क्रमांकात १९०३ च्या फेररचनेत १०० मिळवले गेले, एवढं लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ जातो. मात्र हे राणीच्या पलटणींना लावू नका. 'एच. एम. १७' म्हणजे राणीची १७ वी, तिचा मुंबई फौजेच्या क्रमांकाशी संबंध नाही. 'बॉ. एन. आय.' म्हणजे बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. 'ब्रेव्हे मेजर' हा मानाचा हुद्दा, पलटणीत तो कॅप्टनच असतो. हजेरीत 'मेजर' शोधाल तर सापडणार नाही. नावापुढे 'एट.' आणि आकडा असेल तर ते वय.

लढाईतल्या मृतांसाठी लंडन गॅझेट चाळा, ते ऑनलाइन फुकट आहे. लढाईच्या खलित्यासोबत तक्ता असतो : गोरे अधिकारी नावानिशी, देशी अधिकारी कधी नावाने कधी आकड्याने, खाली 'रँक अँड फाइल' (साधे सैनिक) फक्त आकडा. मियानी-हैदराबादच्या वेळी नेपियरने साध्या शिपायांची नावंही खलित्यात घेतली. त्या काळात हे फारच वेगळं होतं. पण ती पराक्रमासाठी घेतलेली नावं आहेत, बहुतांशी जिवंत राहिलेल्यांची. मृतांच्या यादीत मिसळू नका.

आणि लेखातले 'रोगाने किंवा तलवारीने' हे शब्द नुसते शोभेचे नाहीत. लढाईचे तक्ते तलवारीचे मृत्यू दाखवतात. तापाने, हगवणीने, पटकीने मेलेले त्यात नसतात. ते महिनावार हजेरीत आणि वारसांच्या कागदांतच भेटतात. मृत्यूच्या कारणाचा रकाना ठेवा आणि 'अज्ञात' लिहायला लाजू नका.

---

खडू_नको :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नावातच आहे. खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तेल, ओला कपडा यातलं काहीही नको. संगमरवर सच्छिद्र असतो. खडूची पूड अक्षरांच्या कडांत बसते, ती काढायला घासावं लागतं आणि घासताना कडा जाते. फोममधलं आम्ल संगमरवराला खातं. तेलाचा डाग कायमचा.

त्याऐवजी तिरपा उजेड. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेखाच्या अगदी समोर आणि समांतर. आयएसओ १००, छिद्र एफ-८, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. एलईडी टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून, १० ते २० अंशांच्या कोनात धरा. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो. 'सी' आणि 'ओ', '३' आणि '८' यांचा घोळ एका बाजूच्या उजेडात सुटत नाही, दुसऱ्या बाजूने सुटतो. अगदीच झिजलेल्या लेखासाठी आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग, माहितीचा अधिकार नव्हे) तंत्र आहे : कॅमेरा न हलवता, शेजारी एक काळा चकचकीत गोळा ठेवून, दिवा वेगवेगळ्या जागी नेत ४०-६० फोटो, मग मोफत सॉफ्टवेअरने जोडणी. नामफलक सुस्थितीत असेल तर त्याची गरज नाही.

पितळी पाटीला हे जसंच्या तसं चालत नाही. पितळ आरशासारखं वागतं, फोटोत तुमचाच शर्ट दिसतो. कॅमेऱ्यामागे काळा कपडा ताणा, लेन्ससाठी त्यात भोक, आणि दिवा बाजूने पांढऱ्या कागदाआडून. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) धातूवर फारसा उपयोगी पडत नाही, काचेवर पडतो.

उंचावरच्या लेखासाठी शिडी लावू नका. ७०-२०० ची लेन्स घेऊन लांबून काढा. मोबाइल वर करून काढलेल्या फोटोत वरच्या ओळी आक्रसतात आणि अक्षरं मोजता येत नाहीत. रंगीत काचांतून ऊन येत असताना संगमरवर निळा-तांबडा दिसतो. ढगाळ दिवस उत्तम, नाहीतर पहिल्या फोटोत पांढरं-करडं कार्ड ठेवा. प्रत्येक लेखाच्या एका फोटोत १० सेंटीमीटरची पट्टी हवीच.

नक्कल करताना ओळ तशीच तोडा, तिरक्या रेघेने. चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करू नका. गेलेलं अक्षर चौकोनी कंसात, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. दुरुस्त रूप वेगळ्या रकान्यात. दोघांनी स्वतंत्र नक्कल करून ताडून बघितली की बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

परवानगी : चर्च वापरातलं आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. तिथल्या पाळकांना लेखी पत्र द्या. त्यात ट्रायपॉड, दिवे, किती वेळ हे लिहा. परिसर नौदलाचा आहे, बाहेर कॅमेरा रोखताना काय चौकटीत येतंय ते बघा. ड्रोनचं नावही काढू नका.

---

कुलाब्याची_नोंद :

मनापासून आभार. एक उपप्रश्न. पितळी पाट्या काळवंडलेल्या असतील तर पाळकांच्या परवानगीने हलक्या हाताने घासलेल्या चालतील? आणि एखाद्या संगमरवरी फलकाच्या कोपऱ्यांना तांबूस डाग दिसले तर ते कशाचे?

---

खडू_नको :

नाही. भांड्यांची पितळी पावडर, चिंच, लिंबू, व्हिनेगर, काहीच नको. अशा पाटीत अक्षरं कोरून त्यात काळं-लाल मेण किंवा लाख भरलेली असते आणि वरून पारदर्शक लेप असतो. घासलं की आधी लेप जागोजागी निघतो, मग समुद्राच्या हवेत पाटीवर ठिपके पडतात, लोक आणखी घासतात. काही वर्षांनी अक्षर नुसती खाच म्हणून उरतं. काळवंडलेलं पितळ वाचता येतं, घासून सपाट झालेलं येत नाही.

तांबूस डाग म्हणजे बहुधा फलक भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्या गंजल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून दाब येतो आणि कोपरा तडकतो. डाग पुसून काही होत नाही. फलक उतरवून कडी काढायची, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची बसवायची, सांधे चुन्याने भरायचे. सिमेंट वापरलं तर क्षार दगडातून बाहेर पडायला लागतात. भिंतीला पांढरी फुली (बाहेर आलेल्या क्षारांची पूड) आलेली असेल तर तिथे कागदाच्या लगद्याचा, डिस्टिल्ड पाण्यातला, १०-१५ मिलिमीटर जाड लेप लावून वाळू देतात आणि क्षार कमी होईपर्यंत पुन्हापुन्हा बदलतात. हे सगळं दगडाच्या संवर्धकाचं काम आहे. इमारत मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे, दुरुस्तीला वारसा समितीची परवानगी लागते. तुम्ही फक्त फोटो काढा, फलक क्रमांक आणि कोपरा लिहा, आणि ते टिपण पाळकांना द्या. शिशाचं अक्षर खाली पडलेलं दिसलं तर पाकिटात घालून फलकाचा क्रमांक लिहून सुपूर्द करा. फेव्हिक्विकने जागेवर चिकटवू नका.

---

महाडचा_वाचक :

थोडं विषयांतर. आमच्याकडे गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे : या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. नाव एकही नाही. वरच्या कागदांतून काही मिळेल का?

---

दप्तरखाना :

तुमचं काम त्यांच्यापेक्षा सोपं आहे. १९१४ नंतरच्या मृतांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ दरम्यान गेलेला सैनिक त्यात येतो.

आडनावाने शोधू नका. कारकुनाने 'राघोजी पवार' मधलं कुठलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं असेल सांगता येत नाही. फौज 'इंडियन आर्मी', युद्ध पहिलं, पलटण (महाडकडच्यांसाठी आधी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ मराठा, मग १११ वी महार) एवढं लावा, निकाल उतरवून घ्या आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव शोधा. तिथे 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' अशी नोंद असते. जिल्हा 'कोलाबा' दिसेल, रायगड नाही. ते नाव १९८१ चं. सिंधुदुर्गातली गावंही 'रत्नागिरी'खाली मिळतील. गावाचं स्पेलिंग कानाला लागेल तसं केलेलं असतं, म्हणून मोठ्याने वाचून बघा. 'नाक' हा शेवट रोमनमध्ये 'के' ने लिहिलेला असतो तसा 'सी' नेही. जुन्या कंपनीच्या कागदांत तर 'सी' च जास्त. त्या जुन्या कागदांत महार शिपायांच्या जातीच्या रकान्यात 'परवारी' असा शब्द असतो, हे धागाकर्त्यांनीही लक्षात ठेवावं.

११० वी आणि ११७ वी कूतच्या वेढ्यात होत्या, त्यामुळे तुमच्या पाटीवरचे मृत बहुधा मेसोपोटेमियातले (आजचा इराक) निघतील, स्मारक 'बसरा' दिसेल. तिथल्या दगडी पाट्यांवरही हाच प्रकार आहे : भारतीय अधिकाऱ्यांची नावं, बाकी शिपायांचा पलटणवार आकडा. शिपायांची नावं कमिशनच्या नोंदवहीत मात्र आहेत, संकेतस्थळावर दिसतात. वायव्य सरहद्दीवर किंवा १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेला असेल तर दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव मिळण्याची शक्यता आहे, तिथे १३,००० हून अधिक नावं कोरलेली आहेत. समुद्रात बुडालेला खलाशी असेल तर मशीद बंदरचं इंडियन सेलर्स होम.

सापडलेली नावं आणि पाटीवरचा मृतांचा आकडा जुळला नाही तर लगेच पाटी चुकीची ठरवू नका. आधी शेजारच्या वाड्या तपासा. त्या काळी तीन-चार वाड्या मिळून एकच महसुली गाव असायचं.

---

पलटणवाला :

आणि आकडा जास्त आला तर तारखा बघा. १९१९ नंतर, घरी परतल्यावर ३१ ऑगस्ट १९२१ च्या आत सेवेतल्या कारणाने वारलेले लोकही कमिशनच्या यादीत असतात. पाटीवर साल १९१४-१९१९ असंच कोरलेलं असतं.